आतला भाता

चेलो (व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड), बायान आणि बाकी सगळी तंतुवाद्यं. एवढ्याच सामग्रीवर रशियन संगीतकार सोफिया गुबैदुलिना यांनी १९८२ साली ‘झीबेन वोर्टे’, म्हणजे ‘सात वचनं’, ही रचना केली. क्रुसावर खिळलेल्या येशूच्या तोंडची सात वचनं हा तिचा विषय. वचनागणिक एक असे सात भाग, आणि गाणारं मात्र कुणीच नाही. सोव्हिएत संघात बायबलमधलं शीर्षक चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथे ती ‘पार्टिटा’ अशा निरुपद्रवी नावाने छापली गेली. बायान म्हणजे रशियन घडणीचं ॲकॉर्डियन. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नसतात, दोन्ही हातांना बटणंच. वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर एखादं तीन-चार वर्षांचं पोर घेऊन बसल्यासारखं, आणि तेही सतत चुळबुळ करणारं.

हे माझ्यापर्यंत आलं ते भाचीमुळे. ती शिकायला हानोफरला आहे. तिथे एका चर्चमधल्या कार्यक्रमाला कुणाच्या तरी आग्रहाखातर गेली आणि रात्री तिचा मेसेज आला : ‘मामा, इथे पेटी रडवतात.’ मी हौशी पेटीवाला. भजनी मंडळ, नाट्यगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून एखाद्या होतकरू गायिकेला साथ, एवढंच माझं जग. पाश्चात्त्य संगीत कानावरून जातं, पण त्यातलं आधुनिक म्हणवणारं सहसा वाटेला जाऊ देत नाही. तरी पेटी रडवतात म्हटल्यावर ऐकणं भाग होतं. तिने पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि पहिल्या काही मिनिटांत लक्षात आलं, की आम्हा पेटीवाल्यांना जे झाकायला शिकवतात, नेमकं तेच ही बाई उघड्यावर मांडते आहे. हवा.

आमचे मास्तर भात्याच्या बाबतीत फार कडक होते. भाता हाणायचा नाही, फुंकर घातल्यासारखा हलवायचा, आणि मुख्य म्हणजे तो चालतोय हे समोरच्याला कळता कामा नये. ‘त्याला सूर ऐकायचाय, तुझी धाप नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या वाद्याची घडणही या शिकवणीला धरूनच आहे. पेटीत भाते दोन असतात. मागचा, जो डाव्या हाताने हलवतो तो सगळ्यांना दिसतो. दुसरा आत, पेटीच्या पोटाशी, स्प्रिंगांच्या दाबाखाली. बाहेरचा हवा भरतो, आतला ती साठवून रीडना, म्हणजे सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांना, बेताबेताने पुरवतो. म्हणून हात क्षणभर थांबला तरी सूर थांबत नाही, आणि हात जरा हिसकला तरी सूर फारसा हिसकत नाही. आतला भाता म्हणजे घरातली समजूतदार सून, बाहेरची भांडणं आत पोचूच देत नाही.

ॲकॉर्डियनला हा आतला भाता नाही. तिथे एकच भाता, तोच वाद्याचं धड, आणि त्याच्या डाव्या टोकाला वादकाचा पंजा पट्ट्याखाली जखडलेला. हाताने जेवढा जोर लावावा तेवढाच दाब रीडवर पडतो. मध्ये कुणी मध्यस्थ नाही. शिवाय पेटीची रीड एकाच दिशेच्या हवेने वाजते, तर ॲकॉर्डियनमध्ये प्रत्येक सुरासाठी पोलादी जिभांची जोडी असते : एक भाता उघडताना बोलते, दुसरी मिटताना. त्यामुळे वाद्य दोन्ही दिशांना वाजतं खरं, पण दिशा बदलली की सुरात सांधा पडतो. तो किती बेमालूम बुजवायचा आणि कुठे मुद्दाम दाखवायचा, हे वादकाच्या हातात.

व्हायोलिन किंवा सारंगी वाजवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गज एका टोकाला पोचला की उलटा फिरवावाच लागतो. गजाचा जोर, वेग, तारेवरची जागा, या तिन्हींवर सुराचा जीव ठरतो. सूर लागल्यावरही तो फुगवता येतो, बारीक करता येतो, मरू देता येतो. पियानोत हे होत नाही, एकदा हातोडी पडली की सूर आपल्या मार्गाने जातो. म्हणून ॲकॉर्डियन दिसायला पियानोच्या कुळातलं असलं, तरी स्वभावाने ते गजाच्या वाद्यांचं सख्खं भावंड आहे, असं आता माझं ठाम मत झालं आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीत गजाची दिशा दाखवायला खुणा असतात, तशा ॲकॉर्डियनच्या कागदावर भात्याच्या दिशेच्याही असतात. दोन वादक शेजारी बसले तर एकाचा दंड आणि दुसऱ्याचं मनगट एकाच बेताने फिरताना दिसतात.

गंमत म्हणजे युरोपातल्या पायाच्या हार्मोनियमवाल्यांनाही आतला भाता कधीकधी नकोसा व्हायचा. अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिकडच्या या हार्मोनियमांना ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटी असे. ती ओढली की साठ्याच्या भात्याकडे जाणारी वाट बंद होऊन पायांचा दाब थेट सुरावर येई. वाजवायला महाकठीण, पण सूर लगेच जिवंत. आपल्या हातपेटीत ही सोय सहसा नसते. मी एकदा पेटी दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, आतला भाता तात्पुरता बंद ठेवता येईल का. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, दुरुस्तीला आणलीय की बिघडवायला?’ मग तरी त्यांनी मागची फळी काढून आतला भाता बोटांनी दाबून धरला आणि मला म्हणाले, मारा आता. जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

मास्तरांच्या त्या शिस्तीमागे एक जुनी भीतीही होती. पेटी आधीच बदनाम. १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली, ती १९७१ पर्यंत टिकली. आरोप दोन : एक, तिचे सूर ठोकून बसवलेले, आपल्या श्रुतींना न मानणारे, दुसरा, तिला मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. दोन्ही खरे आहेत, वकील लावून खोडता येण्यासारखे नाहीत. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून पहिल्या आरोपाला उत्तर दिलं. दुसऱ्याचं उत्तर मी बायानवर ऐकलं. बटण पूर्ण न दाबता अर्धंच दाबायचं आणि भात्याचा जोर मात्र वाढवायचा. हवेची वाट चिंचोळी होते, रीड गुदमरते आणि सूर खाली घसरतो. खालच्या सप्तकात हे जास्त साधतं. ही काही सारंगीची लवचीक मींड नव्हे. ती खरखरीत असते, शेवटाला आवाज फाटल्यासारखा होतो. पण घसरते, हे कबूल करायला हवं. आणि शेजारी चेलो खरीखुरी घसीट वाजवत असताना बायानने आपल्या परीने तिच्यामागे जाण्याचा प्रयत्न करणं, यात जे काही आहे ते दोघांनीही अचूक घसीट वाजवून आलं नसतं.

गुबैदुलिना यांचा जन्म १९३१ चा, तातार प्रदेशातल्या चिस्तोपोलचा. वडील तातार, आजोबा इमाम, आई रशियन. १९७० साली त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतला. देव ही सरकारदरबारी अडचणीची बाब असण्याचा तो काळ. मॉस्कोत शिकत असताना थोर संगीतकार शोस्ताकोविच यांनी त्यांना सांगितलं होतं, की लोक चुकीची म्हणतात त्याच तुमच्या वाटेने चालत राहा. हा सल्ला त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला असावा. १९७९ साली संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख तिखोन ख्रेन्निकोव यांनी ज्या सात संगीतकारांवर तोंडसुख घेतलं, त्यांत गुबैदुलिनांचं नाव होतं. पोटासाठी त्या चित्रपटांना संगीत देत. ‘मोगली’ या सोव्हिएत ॲनिमेशनपटमालेचं संगीत त्यांचंच. (रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो मोगली हा नव्हे, तो जपानी.) १९९२ साली त्या जर्मनीत गेल्या, हँबुर्गजवळच्या आपेन या गावात राहिल्या आणि मार्च २०२५ मध्ये तिथेच वारल्या.

बायान त्यांच्या हाती दिलं फ्रीडरिश लिप्स यांनी. मॉस्कोच्या ग्नेसिन संस्थेतला हा वादक. लोकसंगीताच्या मेळ्यांत, लग्नाकार्यात वाजणाऱ्या वाद्याला गंभीर संगीतकारांच्या दारी घेऊन जायचं, हा त्याचा ध्यास. त्याच्यासाठी गुबैदुलिनांनी १९७८ साली ‘डे प्रोफुन्डिस’ हे एकट्या बायानचं काम लिहिलं. ॲकॉर्डियनला एक हवेचं बटण असतं. वाजवून झाल्यावर भाता आवाज न करता मिटायला त्याचा उपयोग, एवढंच त्याचं आयुष्य. गुबैदुलिनांनी तेच संगीतात आणलं : कोणताही सूर न दाबता भाता ओढायचा, नुसती हवा आत घ्यायची आणि सोडायची. आमच्या मास्तरांनी ते ऐकलं असतं तर लिप्सच्या मनगटावर पट्टी बसली असती. हे धूड मला आवडतं कारण ते श्वास घेतं, अशा अर्थाचं गुबैदुलिनांचं बोलणं प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ त्या तुकड्यात कळतो.

पण एकट्या बायानपेक्षा मला ‘झीबेन वोर्टे’ मोठं वाटतं, आणि त्याचं कारण चेलो. या रचनेबद्दल नेहमी सांगितलं जातं, की चेलो हा पुत्र, बायान हा पिता आणि तंतुवाद्यांचा समूह म्हणजे पवित्र आत्मा. हे माहीत नसलं तरी ऐकताना काही अडत नाही. कानाला कळतं ते इतकंच : समूह दूर उभं राहून शांतपणे काहीतरी म्हणतो, त्याला कसलीच घाई नाही. पुढ्यात दोन जीव मात्र झगडत असतात. चेलो एकाच सुराभोवती घुटमळतो, त्याला लागून असलेल्या अर्ध्या सुरात अडखळतो, घसरतो, परत येतो. बायान कधी शेजारशेजारची मूठभर बटणं एकदम दाबून जड ढगासारखा त्याच्यावर येतो, कधी भात्याच्या थरथरीने त्याच सुराला हलवतो. दोघे एकाच सुरावर आले तरी ते केसभर वेगळे असतात. बायानचा सूर रीडने कायमचा ठरवलेला, चेलोचा बोटाच्या टोकावर. त्या केसभर अंतरात लाटा उठतात. तंबोरा लावताना जुळता जुळता त्या लाटा मंद होत जातात, हे आपल्या कानाला पाठ आहे. इथे त्या मंद होऊ देत नाहीत. जुळणं पुढे ढकललं जातं, पुन्हा पुन्हा.

मध्येच जुन्या काळची एक ओळ येते. हाइनरिश श्युट्झ यांनी सतराव्या शतकात याच सात वचनांवर रचना केली होती, त्यातल्या ‘मला तहान लागली आहे’ या वचनाची. सगळ्या खरखरीतून ती इतकी सोज्वळ येते की क्षणभर दुसरीकडेच कुठे रेडिओ लागलाय असं वाटतं. आणि मग क्रूस. गज आणि तार एकमेकांना आडवे असतात, घसीट तारेवरून दुसऱ्या सुराला छेदून जाते; गुबैदुलिनांना वाजवण्याच्या या साध्या क्रियेतच क्रूस दिसला. एरवी अशा प्रतीकांचा मला कंटाळा येतो. कार्यक्रमपत्रिकेत वाचायला बरी, कानाला शून्य. इथे मात्र शेवटाकडे जे घडतं ते डोळ्यांनीही दिसतं. चेलोवाल्याचा गज घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, जवळ जवळ सरकत जातो, आवाज काचेसारखा, किरकिरा होत जातो, आणि मग गज घोडी ओलांडून पलीकडे जातो, जिथे तारांचे वीतभरही नसलेले तुकडे असतात आणि कुणी वाजवायला म्हणून कधी जात नाही. तिथे सूर असा उरत नाही, एक बारीक चिरका आवाज तेवढा येतो. व्हिडिओ असेल तर हे बघायलाच हवं.

या सगळ्याआधी ॲकॉर्डियन तिकडच्या वाद्यवृंदात आलंच नव्हतं असं नाही. सिरिल डेमियान यांनी व्हिएन्नात १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं, १८८३ साली चायकोव्स्की यांनी एका ऑर्केस्ट्रा-रचनेत चार ॲकॉर्डियनं टाकली, हिंडेमिथ यांनी १९२२ साली एका छोट्या समूहात एक. पण ते पाहुण्यासारखं. डाव्या हाताला तयार कॉर्डच मिळत होते, एक बटण दाबलं की तीन सूर एकदम. त्यावर लोकनृत्य उत्तम वाजतं, पण गंभीर संगीतकार अशा वाद्याला काय देणार? डाव्या हातालाही एकेक सुटा सूर देणारी रचना रुळली, डेन्मार्कच्या मोगेन्स एलेगॉर यांच्यासारख्या वादकांनी पन्नाशीच्या दशकापासून संगीतकारांकडून नवी कामं लिहून घेतली, तेव्हा चित्र पालटलं. टँगोचं नाव इथे कुणी काढेल. पियाझोला यांनी तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर लिहिलेलं सुंदर आहे, पण त्यांचं वाद्य बँडोनियन, भात्याचंच, पण ते घराणंच निराळं.

जपानी संगीतकार तोशिओ होसोकावा यांची मात्र दखल घ्यायला हवी. त्यांनी नव्वदच्या दशकात चेलो, ॲकॉर्डियन आणि तंतुवाद्यं यांच्यासाठीच ‘इन दी टीफे देर त्साइट’ लिहिलं. नाव जर्मन, जीव जपानी. गागाकू या जपानी दरबारी संगीतात ‘शो’ नावाचं वाद्य असतं, सतरा बांबूच्या नळ्यांचं, तोंडाने वाजवायचं. श्वास आत घेतानाही वाजतं, सोडतानाही, त्यामुळे त्याचे उंच, थंड सूर तुटत नाहीत. श्वासाची वाफ आत जमते म्हणून वादक ते मधूनमधून निखाऱ्यांवर धरून शेकतात. चीनचं ‘शंग’ हे त्याचं मूळ, आणि मोकळ्या रीडची सगळी वाद्यं, आपली पेटी धरून, त्याच तत्त्वावर चालतात. होसोकावा ॲकॉर्डियनकडून त्या ‘शो’चे हळूहळू उमलणारे सूर काढून घेतात, आणि चेलो त्यांच्यावर एकेक ओळ ओढतो. गुबैदुलिनांचा भाता धापा टाकतो, यांचा ध्यान लावतो. मला पहिला जास्त आवडतो, पण रात्री उशिरा दुसराच लावतो.

हे ऐकताना सारखं मनात येत राहिलं, की रीड आणि गज एकत्र येण्याची आपल्याला काही सवय नव्हती अशातला भाग नाही. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी एकाच पदाला साथ करत होती. मुंबईच्या चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला गोव्याहून आलेल्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आणि त्यांच्यासमोर गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड किंवा पुण्याचे एनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियन घेऊन, हे दृश्य रोजचं होतं. पण नाटकात दोघेही गायकाच्या मागे, आणि चित्रपटात ॲकॉर्डियनच्या वाट्याला दोन ओळींमधला तुकडा, तोही गोड हवा. या दोघांनी एकमेकांशी काही बोलावं अशी वेळच आली नाही. मैफलीत तर पेटी आली आणि सारंगी उठून गेली. सारंगियांच्या घराण्यांनी त्याचा राग धरला, तो रास्तच होता. दोघांना एका सतरंजीवर बसवून, गायकाला घरी पाठवून, कुणी नवं काही रचलं तर मला फार ऐकायचं आहे. पेटी आतल्या भात्यासकट चालेल.

तोवर ज्यांना या वाटेला जायचं असेल त्यांनी ‘झीबेन वोर्टे’पासून सुरुवात करू नये. अर्ध्या तासाहून मोठं काम आहे आणि पहिल्या भागातच माणूस उठून जाण्याची शक्यता दाट. ‘सिलेन्झियो’ घ्या, १९९१ चं, एल्सबेट मोझर या ॲकॉर्डियनवादिकेसाठी लिहिलेलं. बायान, व्हायोलिन, चेलो, तिघेच. पाच छोटे भाग, बहुतेक सगळं अगदी हळू आवाजात. फोनच्या स्पीकरवर यातलं निम्मं ऐकूच येणार नाही, तेव्हा बरे हेडफोन लावा आणि पंखा बंद करा. व्हायोलिनचा गज कुठे संपला आणि बायानचा भाता कुठे सुरू झाला, हे ओळखण्याचा खेळ खेळा. मी हरतो, आमची गाणारी मंडळीही हरतात. फक्त माझा एक व्हायोलिनवाला मित्र दर वेळी बरोबर सांगतो. त्याला विचारलं कसं काय, तर म्हणाला, भाता फिरतो तेव्हा माझा उजवा खांदा आपोआप हलत नाही, गज फिरतो तेव्हा हलतो.